आठापैकी आठ

"नवस बोलताना अटी घालायच्या नाहीत, टिली. अटी घालायला आपण काय विमा कंपनी आहोत?"

हे माझे बाबा. इस्पितळातली खाट, नाकात नळी आणि डोक्यावर पर्च या बेसबॉल संघाची निळी टोपी. नर्स ती टोपी रोज सकाळी काढून कपाटात ठेवायची आणि दुपारपर्यंत ती परत डोक्यावर असायची. बाबांचा नवस साधा होता. आपला पोर्ट ॲगाथाचा संघ एकदा तरी प्लेऑफमध्ये खेळला, तर घरापासून होली रिजच्या माउलीच्या चर्चपर्यंत पायी जायचं. वीसेक मैल. हा नवस त्यांनी तरुणपणी बोलला आणि तो फेडायची संधी मिळावी म्हणून पुढचं आयुष्य पहिल्या बेसच्या बाजूच्या एका लाकडी बाकावर बसून काढलं. संधी आली नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरला.

"ती वेळ आली, तर तू जायचंस."

"जाईन, बाबा."

"अट नाही ना काही?"

"नाही."

जुलैत बर्फ पडला तर अंगण झाडीन, असं म्हणावं तितक्या सहज मी ते म्हणून गेले. पर्च संघ ज्यांनी पाहिलाय ते मला दोष देणार नाहीत. मुळात ज्या माशाला आमच्या चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी पिठात बुडवून तळतात, त्याचं नाव संघाला देणाऱ्यांकडून फार काही अपेक्षा ठेवायची नसते. आणि हे व्यावसायिक बेसबॉल आहे बरं का, म्हणजे खेळाडूंना पगार असतो. किती, ते विचारू नये. आमचा मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सकाळी लाकूडसामानाच्या दुकानात फळ्या कापून देतो आणि संध्याकाळी समोरच्या संघाला धावा देतो. फळ्यांचं काम तो मन लावून करतो.

लेकशोर लीगमध्ये संघ आठ. मे महिन्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत ते एकमेकांशी झुंजायचे, मग सर्वांत वरचे दोघे विजेतेपदासाठी प्लेऑफ खेळायचे आणि उरलेले सहा घरी जाऊन गवत कापायचे. स्वच्छ व्यवहार होता. बाबांच्या काळात पर्च तिसरे यायचे. वर्षानुवर्षं तिसरे, कधी एका सामन्याने, एकदा तर एका धावेने. तिसरं येणं हे किती इभ्रतीचं दुःख आहे, ते आता कुणाला कळायचं नाही. हल्ली आमचे पर्च आठवे येतात. बाबा गेले हे एका परीने बरंच झालं, असं मी माउलीला सांगते आणि लगेच क्षमा मागते.

मी रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाते, रोज जपमाळ म्हणते, कॉफीत साखर घालत नाही आणि शुक्रवारी मांसाला शिवत नाही. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकी मी बुधवारी सोडलेली असते आणि आज बुधवार आहे. सांगते एवढ्यासाठी, की दिलेला शब्द आणि ठरलेला नेम या गोष्टी आमच्या घरात हसण्यावारी नेल्या जात नाहीत. निदान माझ्याकडून तरी. माझा नवरा ऑगी मात्र चाळीस वर्षं सगळंच हसण्यावारी नेतो.

जूनमधल्या एका सकाळी तोच पेपरामागून म्हणाला, "टिली, बूट शोधून ठेव."

"कुठले?"

"चालायचे. प्लेऑफमध्ये आता सहा संघ घेणार म्हणे."

"आठातले सहा?"

"आठातले सहा."

मी कप खाली ठेवला. "मग बाहेर कोण राहणार?"

"दोघं. त्यातले एक आपण. पण थोडक्यात हुकेल हो! सहावा नंबर काही लांब नाही. एखादी बस उलटली समोरच्यांची, की आलोच."

लीगच्या आयुक्तांचं म्हणणं पेपरात चौकटीत छापलं होतं. अधिकाधिक शहरांना अधिकाधिक काळ आशा मिळावी, हा हेतू. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आशा हे काय सरबत आहे, पाहुणे वाढले म्हणून पाणी ओतायला? चार महिने उन्हातान्हात झुंजून पहिलं यायचं, आणि मग ज्याला तीनदा धुतला त्याच्याशी परत एका संध्याकाळी पैज लावायची, की खरा मोठा कोण! असं असेल तर चार महिने खेळता कशाला? सरळ सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाका.

"खरं सांग," ऑगी म्हणाला, "तत्त्वाचा प्रश्न आहे की पायाच्या अंगठ्याचा?"

माझ्या उजव्या अंगठ्याचं हाड वाढलेलं आहे, हे खरं. पण तत्त्वाचा आणि अंगठ्याचा कौल एकाच बाजूला पडला, तर त्यात तत्त्वाचा काय दोष? मी ठरवलं, आपण आपला आक्षेप नोंदवायचा. एक वाक्य. "लीगची एक हितचिंतक या बदलाला विरोध करते." बास. एका वाक्याला असा कितीसा वेळ लागणार?

मैदानावर तिकीट खिडकीत मॅकेन्ना नावाची मुलगी होती, च्युइंगम चघळत.

"मला आक्षेप नोंदवायचाय."

"ते चाहता संपर्क विभागात. शेजारची खिडकी."

मी शेजारच्या खिडकीशी गेले. मॅकेन्ना उठली, दोन पावलं चालली, शेजारच्या खुर्चीत बसली आणि शटर वर केलं.

"बोला मॅडम, काय मदत करू?"

"मला आक्षेप नोंदवायचाय," मी परत म्हटलं.

तिने संगणकाकडे पाहिलं. "प्रशंसा, सूचना की हरवलेली वस्तू?"

"आक्षेप."

"आक्षेप गेल्या वर्षी काढून टाकला. फार यायला लागले होते."

हरवलेली वस्तू हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. लाज हरवली आहे, लीगची, सापडल्यास कळवा. पण मॅकेन्ना आमच्या चर्चमधल्या मेरी बनोच्या नातीच्या वर्गात होती आणि तिने माझं काही घोडं मारलं नव्हतं. तिने "सूचना" वर बोट दाबलं.

"पुढच्या महिन्यात आयुक्तांची सभा आहे, 'आपला आवाज' म्हणून. तुमचं नाव घातलंय. तीन मिनिटं मिळतील."

माझा आवाज! माझा आवाज जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे पोचत नाही. ऑगी म्हणतो, मी आग लागली म्हणून ओरडले तरी लोक डोळे मिटून आमेन म्हणतील.

सभेच्या आधीच्या शुक्रवारी तळघरात माशांची पंगत होती. मी कोबीच्या सॅलडवर होते, कढईवर डोलोरेस फिंक. डोलोरेस माझी शेजारीण. आमच्या दोघींमधलं कुंपण कमरेइतकं आहे आणि तिची मान लांब आहे, त्यामुळे मला वेगळं काही सांगावं लागत नाही.

"अगं, कशाला भांडतेस त्या लीगशी?" माशांवर पीठ भुरभुरवत ती म्हणाली. "आमचं ते चालायचं यंत्र तळघरात पडलंय, ते घेऊन जा. समोर माउलीचा फोटो टांग, पंखा लाव, वीस मैल कधी झाले कळणारसुद्धा नाही."

"यंत्रावर माणूस पोचतो कुठे, डोलोरेस?"

"मनाने पोचायचं गं! माझ्या मावशीने गुडघ्यांवर जायचा नवस केला होता. बरोबर गालिचा नेला. पुढे पुढे टाकत गेली. माउलीने काय गालिचा मोजला?"

रांगेत ताट धरून वॉल्ट झेमन उभे होते. हे बाबांच्या शेजारच्या बाकावरचे, वय झालेले. नोकरी विमा कंपनीत. उभी हयात त्यांनी गावकऱ्यांचे दावे फेटाळण्यात घालवली आणि तरी सगळे त्यांना ताटात एक मासा जास्त वाढतात, यात आमच्या गावाचं सगळं आलं.

"यात चालायचा प्रश्नच येत नाही, टिली," वॉल्ट म्हणाले. "नवस झाला त्या दिवशी प्लेऑफ म्हणजे वरचे दोन. तुझ्या बापाने तेवढीच जोखीम उचलली. लीगने मागाहून व्याख्या बदलली, तर ती आपल्याला लागू नाही. कोरा कागद आण, फेटाळून देतो."

"देवाला?"

"कुणालाही. सराव आहे."

मला ते पटलं, हे लपवत नाही. बाबांनी तिसऱ्या क्रमांकासाठी डोळे पुसले आणि आता सहाव्या क्रमांकाने त्यांचा नवस फेडायचा? स्वस्तात? तो नवस खऱ्या प्लेऑफसाठी राखून ठेवणं हेच लेकीचं कर्तव्य. हा विचार मी जपमाळेच्या दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या दशकात केला, आणि चौथ्यात तो अधिकच पटला. पाचव्यात अंगठाही ठणकायचा थांबला.

सभा बोलिंगच्या हॉलमागच्या खोलीत होती. मधूनमधून भिंतीपलीकडे चेंडू गडगडायचा, चेंडूने पाडायच्या लाकडी बाहुल्या कोसळायच्या आणि बोलणारा दचकायचा. आयुक्त म्हणजे ट्रेव्हर हॅस्किन्स नावाचा तरुण, दात फार, बिनबाह्यांचं जाकीट. माझ्या आधीच्या तिघांपैकी एकाला बिअर स्वस्त हवी होती, दुसऱ्याला थंड हवी होती आणि तिसऱ्याला फक्त बोलायचं होतं.

मग मी. मला सांगायचं होतं ते एकच वाक्य. पण समोर तो दात काढून बसलेला. मागे भिंतीवर "सहा शहरं, सहा स्वप्नं" असा फलक. माझ्या मनातला सगळा तिरस्कार गोळा होऊन जिभेवर आला.

"सहाच का?" मी म्हटलं. "आठही घ्या ना! दोन राहतात त्यांनी कुणाचं काय वाईट केलंय? उलट जो सर्वांत शेवटी आहे त्याला आधी आत घ्या. जिंकणाऱ्यांना कशाला हवी प्लेऑफ, त्यांचं काय, ते जिंकतातच. हरणाऱ्यांना गरज जास्त. कुणालाही दाराबाहेर ठेवू नका."

पलीकडे बाहुल्या कोसळल्या. मग टाळ्या सुरू झाल्या. आणि आयुक्त, देवाशपथ सांगते, डोळे पुसत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "ही आजवरची सर्वांत सुंदर सूचना आहे."

"अहो, मी..."

"वेळ संपली," मॅकेन्ना म्हणाली.

घरी येताना गाडीत ऑगीला हसू आवरेना. दोनदा तर त्याला गाडी कडेला घ्यावी लागली.

"मी टोमणा मारला होता," मी म्हटलं.

"मला माहीत आहे गं. चाळीस वर्षं खातोय. पण तू टोमणा मारतेस ना, तेव्हा बाहेरच्याला वाटतं, बाई कुणासाठी तरी मेणबत्ती लावतेय."

दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर हजर. चाहता संपर्क, म्हणजे दुसरी खुर्ची.

"मला सूचना मागे घ्यायची आहे."

मॅकेन्नाने पाहिलं. "मान्य झालेली सूचना मागे घेता येत नाही. ती आपोआप प्रशंसेत जाते."

"कुणाची प्रशंसा?"

"आमची. तुम्ही केलेली."

संघमालकांनी आठही संघ घ्यायचा ठराव एकमताने केला. आठव्या संघाचा मालक तर म्हणे उभा राहून नाचला. पहिला विरुद्ध आठवा, दुसरा विरुद्ध सातवा, असा एकेक सामना. हरला तो घरी. चार महिने ज्या शिडीवर चढले ती शिडी आडवी करून ठेवली. आणि या पहिल्या फेरीला त्यांनी नाव काय द्यावं? "टिली फेरी." मैदानावरच्या धावफलकावर माझा फोटो, चर्चच्या बझारातला, हातात कोलाची या गोड पावांचा ट्रे आणि एक डोळा मिटलेला. खाली लिहिलंय: कुणालाही दाराबाहेर ठेवू नका.

त्या उन्हाळ्यात मला रस्त्याने चालण्याची सोय उरली नाही. अनोळखी माणसं हात मिळवायची. ट्रकवाले भोंगा वाजवायचे. खाटीक काउंटरबाहेर येऊन म्हणाला, "टिलीबाई, तुम्ही आमच्यासारख्यांचा विचार केलात," आणि हातात हातभर सॉसेज ठेवलं. शुक्रवारी! ज्या गोष्टीला माझा प्राणपणाने विरोध, तिची मी जन्मदात्री ठरले होते. आणि ऑगस्ट उजाडला तसं स्पष्ट झालं, की पर्च काही झालं तरी आठवे येणार, आणि काही झालं तरी प्लेऑफ खेळणार. हरून हरून हरतील किती? खालच्या पायरीखाली पायरी नव्हती.

मी फादर चिदोझींकडे गेले. हे नायजेरियाचे, तीन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात आले. बेसबॉल त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं. ते ऐकून ते म्हणाले होते, आमच्याकडे इतक्या वेळात लग्न लागतं. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी हनुवटीला हात लावून ऐकली.

"म्हणजे, मिसेस बेरान, तुमची तक्रार अशी की लायकी नसताना त्यांना आत घेतलं."

"हो फादर."

"मेहनत न करता."

"हो."

"केवळ कुणीतरी दार उघडं ठेवलं म्हणून."

"हो! तेच!"

"हं," फादर म्हणाले. "हाच नियम मी इथे लावला, तर रविवारी चर्चमध्ये तुम्ही आणि ऑर्गन वाजवणारी बाई, एवढंच उरेल. आणि ऑर्गनवालीबद्दल मला खात्री नाही."

मी ताठ बसून राहिले. रोज पहाटे थंडीवाऱ्यात पहिल्या रांगेत बसणाऱ्या बाईला असं बोलतात? फादरना ते दिसलं असावं, कारण त्यांचा सूर लगेच मऊ झाला.

"हे बघा. वडिलांचा नवस वडिलांबरोबर गेला, तो तुम्हाला बांधत नाही. उरला तुमचा शब्द. पायाचं दुखणं आहे, वय आहे. तो मी हलका करू शकतो. आठवडाभर गरिबांच्या जेवणावळीत वाढा. झालं."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही मोकळ्या."

मी मोकळी होऊन घरी आले. कुस्करलेल्या बटाट्याचे पिरोगी केले होते, करंजीसारखे, भरपूर कांदा परतून. ऑगीने दोनदा घेतले. मला घास गेला नाही. मोकळं वाटायला हवं होतं, पण वाटत होतं असं, की कुणीतरी माझ्या वतीने दावा फेटाळला आहे आणि खाटेवरचा माणूस टोपी सावरून नुसता बघतोय.

ही मोकळीक मी डोलोरेसला सांगितली नाही, पण तिने नवस मात्र जगजाहीर केला. तिची भाची लीगच्या जाहिरात खात्यात. दोन दिवसांत आयुक्त स्वतः आमच्या ओसरीवर.

"मॅडम, आम्हाला कल्पनाच नव्हती! वडिलांचं वचन! पायी तीर्थयात्रा! हे तर सोनं आहे. 'टिलीची पदयात्रा.' प्लेऑफ खेळले की पुढचा शनिवार, सकाळी दहा. मैदानापासून निघायचं. पुढे शाळेचा बँड, टीशर्ट, आणि आमचा फिनी तुमच्याबरोबर चालेल."

फिनी म्हणजे फोमचा सात फुटी पर्च मासा, आत माणूस. त्याच्याबरोबर माउलीच्या दारात!

"मी चालणार नाही," मी म्हटलं. "मला त्यातून मोकळं केलंय."

"किती नम्र!" आयुक्त ऑगीला म्हणाले. "दमल्या तर गोल्फची गाडी आहे मागे."

"अहो, ती नाही म्हणतेय," ऑगी म्हणाला. तो माझ्या बाजूने बोलला असे प्रसंग थोडे आहेत, म्हणून नोंदवून ठेवते.

"समजलं, समजलं," आयुक्त डोळा मिचकावून म्हणाले, "ऐनवेळी जाहीर करू."

सामना मार्लोच्या संघाशी होता. मार्लो पहिले, त्यांनी सबंध उन्हाळ्यात आमच्या पर्चना मैदानात रांगोळीसारखं पसरून ठेवलं होतं. मी गेले ती केवळ माझा मुद्दा सिद्ध होताना पाहायला. बाबांच्या बाकावर बसले. शेजारी वॉल्ट. मैदान गच्च भरलेलं. कठड्यांवर लाल, पांढऱ्या, निळ्या झालरी लावलेल्या. त्या झालरी, वॉल्ट म्हणाले, एकदा तिसरे आलो त्या वर्षी आगाऊ आणून ठेवल्या होत्या आणि तशाच घडी करून माळ्यावर टाकल्या होत्या. घड्यांच्या रेघा दिसत होत्या.

खेळाबद्दल काय सांगू? गबाळेपणाला सीमा असते असं मला वाटायचं. मार्लोच्या पिचरचा खांदा दुसऱ्याच इनिंगमध्ये धरला. आमचा फळ्यावाला पिचर चेंडू इतके हळू टाकत होता, की मार्लोचे लोक वाट बघून आधीच बॅट फिरवून मोकळे व्हायचे. शेवटच्या इनिंगला बरोबरी. आमचे दोघे बाद, एकजण तिसऱ्या बेसवर. आमच्या पोराने चेंडू नुसता वर उडवला, सोपा, मुलांच्या वाढदिवसाला झेलतात तसला. मार्लोचा उजव्या कोपऱ्यातला खेळाडू त्याच्याखाली उभा राहिला, त्याने हात वर केला, आणि सरोवरावर टेकलेला सूर्य थेट त्याच्या डोळ्यांत गेला. चेंडू त्याच्या मागे दोन हातांवर धप्पकन पडला. तिसऱ्या बेसवरचा धावत शेवटच्या, घरच्या बेसवर आला, आणि आम्ही जिंकलो.

हा काय विजय झाला? चार महिन्यांच्या कामावर सूर्याने बोळा फिरवला. माझा मुद्दा याहून चांगला कुणी सिद्ध करू शकलं नसतं.

पण मी हे त्या क्षणी म्हणत नव्हते. त्या क्षणी मी बाकावर उभी होते आणि ओरडत होते. मी. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं, कारण माझ्या हातातल्या हॉटडॉगवरची सगळी मोहरीची चटणी त्याच्या टकलावर होती. ओरडण्यात शब्द नव्हते. आवाज मात्र होता. तो मैदानापलीकडे गेला असावा, कारण फिनीने वळून पाहिलं.

खाली बसले तेव्हा वॉल्ट टोपी तोंडावर धरून बसले होते. खांदे हलत होते.

"हा दावा," टोपीतून आवाज आला, "मी फेटाळलाच असता."

"मीही," मी म्हटलं.

"सपशेल खोटा दावा."

"सपशेल."

झालरी वाऱ्यावर हलत होत्या. पलीकडे मार्लोचा तो पोरगा गवतावर गुडघे टेकून बसला होता, आणि त्याच्यासाठी मी एक जपमाळ म्हणायचं ठरवलं; त्याच्यावर झाला तो अन्यायच होता आणि त्याला माझी सूचना जबाबदार होती. माझं मत बदललेलं नाही, हे इथे ठणकावून सांगते. सहा चूक, आठ त्याहून चूक, आणि बिनबाह्यांचं जाकीट सर्वांत चूक. पुढच्या फेरीत आमच्या पर्चना चौदा विरुद्ध एक असं धुतलं, ते योग्यच झालं.

पण बाकावर उभं राहताना मी विचारलं नव्हतं, की हे कितव्या क्रमांकाने आत आले. दार कुणी उघडलं, व्याख्या काय होती, काही नाही. आत होते आणि खेळत होते, एवढंच. बाबांनी मला विचारलं होतं, अट नाही ना काही, आणि मी नाही म्हटलं होतं. मग जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी दुसरं काय करत होते? वॉल्ट झेमनचं काम, तेही बिनपगारी.

शनिवारच्या पदयात्रेची तयारी जोरात होती. मॅकेन्नाने टीशर्टाचं माप विचारायला फोन केला. मी काहीच बोलले नाही. माझं न बोलणं त्यांनी प्रशंसेत घातलं असणार.

शुक्रवारी उजाडायच्या आत मी उठले. ऑगी घोरत होता, जरा जास्तच व्यवस्थित, एका लयीत. स्वयंपाकघरात टेबलावर थर्मास होता, कॉफीने भरलेला. मी झाकण काढून चव घेतली. साखर नव्हती. खुर्चीवर माझे जुने बूट होते, आणि उजव्या बुटाला अंगठ्यापाशी कुणीतरी चाकूने नीट गोल भोक पाडलं होतं, हाडाला जागा होईल असं. वर बाबांची निळी टोपी ठेवलेली.

टोपी मला मोठी होते. मी ती कानांपर्यंत ओढली, खिशात जपमाळ आहे का पाहिलं आणि मागच्या दाराने बाहेर आले. डोलोरेसच्या खिडकीत अजून दिवा नव्हता. फाटकाची कडी करकरते, म्हणून मी ती हाताने धरून उचलली, हळूच खाली ठेवली आणि मक्याच्या शेतांच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्याला लागले.